सिम्युलेशनमध्ये एका स्टडीचं तापमान दुसरीत नेताना: रसपंपाच्या केसिंगची चीर सापडेना

उद्यमबाग_डिझाइन
मंडळी, जरा सविस्तर लिहितोय. अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवटच मिळेल.

आमचं युनिट बेळगावच्या उद्यमबागेत. साखर कारखान्यांना लागणारे पंप करतो. कास्टिंग बाहेरून येतं, मशीनिंग आणि असेंब्ली आमच्याकडे. गरम रसाच्या पंपाचं एक केसिंग आहे, एफजी २६० ग्रे आयर्नचं (ओढीला साधारण २६० एमपीएपर्यंत टिकणारं बीड). नेकची भिंत १४ मिमी, तिला लागून ३८ मिमीचा फ्लँज, दोघांच्या मधला फिलेट (कोपऱ्याची गोलाई) ३ मिमी. चिकोडीकडच्या एका कारखान्यात या हंगामात त्याला दोनदा चीर गेली, दोन्ही वेळा त्याच कोपऱ्यात. पहिल्या वेळी आम्ही कास्टिंगवर संशय घेतला, कोअर सरकला असेल म्हणून. दुसऱ्या वेळी केसिंग बँडसॉवर कापून बघितलं. भिंत मापात, ब्लोहोल नाही, दाणा चांगला. म्हणजे दोष आमच्या डिझाइनकडे येतो, आणि ते मला मान्य आहे. फक्त कारण कळायला हवं.

सॉलिडवर्क्स या सिम्युलेशनच्या प्रोग्राममध्ये असं केलं (स्टडी म्हणजे त्यातली एक गणना). पहिली स्टडी थर्मल, ट्रान्झिएंट (वेळेनुसार तापमान कसं बदलतं ते काढणारी): केसिंग २५ अंशांवर, आत १०० अंशांचा रस, एकूण १८०० सेकंद, ६० सेकंदांची पायरी. दुसरी स्टडी स्टॅटिक: प्रॉपर्टीजमध्ये तापमान थर्मल स्टडीतून घ्यायला सांगितलं, शेवटची पायरी निवडली, वर ४ बार दाब आणि बोल्ट. कोपऱ्यात ताण आला ३१ एमपीए. एवढ्यावर एफजी २६० फुटत नाही.

जोडणीत काय चुकतंय? आणि अशा तीन-चार स्टडी एकमेकींना जोडायच्या तर तुम्ही त्या कशा ठेवता?

मेश_ताई
शेवटचीच पायरी का निवडलीस? १८०० सेकंदांनी सगळं केसिंग जवळजवळ एकाच तापमानाला आलेलं असणार. सगळं सारखं तापलं की ते सारखं फुगतं, आणि अडवणारं कुणी नसेल तर ताण येतच नाही. तुझे ३१ एमपीए बहुतेक दाबाचे आणि बोल्टचेच आहेत. तापमान पोचलं, पण काम होऊन गेल्यावर.

कागदावर बघ. ग्रे आयर्नची कंडक्टिव्हिटी साधारण ५०, घनता ७२००, विशिष्ट उष्मा ५०० धर. डिफ्युसिव्हिटी येते सुमारे ०.००००१४ चौ. मी. प्रति सेकंद. जाडीच्या वर्गाला तिनं भागलं की उष्णता आरपार जायला लागणारा वेळ मिळतो. १४ मिमीला १४ सेकंद, ३८ मिमीला पावणेदोन मिनिटांच्या आसपास. म्हणजे नेक गरम झालेला असताना फ्लँज अजून थंडच असतो, आणि खरी ओढाताण त्याच वेळात होते. तुझी पहिलीच पायरी ६० सेकंदांची. त्या आत जे घडलं ते तुझ्या स्टडीनं पाहिलंच नाही, मग पुढच्या स्टडीला देणार काय?

पायरी १ सेकंदाची कर. पहिले १२० सेकंदच चालव, तेवढे पुरेत.

निपाणी_शिफ्ट
मी डिझाइनवाला नव्हे. साखर कारखान्यात मेंटेनन्सला आहे, १६ हंगाम झाले. दादा, एकच सांगा. चीर आतून सुरू झाली होती की बाहेरनं? गरम होताना आतली बाजू फुगायला बघते, म्हणजे आत दाबच पडतोय की. बीड दाबाला लई दम धरतं, ओढीला नाही. आतनं चीर असंल तर गरम रसाचा दोष नव्हं, दुसरंच काहीतरी चाललंय बघा तिथं.

आणि बंद करताना पंप कशानं धुतात तिथं?

उद्यमबाग_डिझाइन
निपाणीचे दादा, तुमच्या प्रश्नानं काल रात्री झोप लागली नाही. सकाळी गेल्या गेल्या कापलेला तुकडा परत काढला, डाय पेनिट्रंट (चीर दाखवणारा लाल रंग) मारला. आतल्या बाजूला लाल रेघ चांगली ६० मिमी लांब, बाहेर जेमतेम २० मिमी. चीर आतूनच सुरू झालेली.

मग कारखान्यातून आलेले लॉगबुकचे फोटो परत उघडले. ते कानडीत लिहिलेले आहेत. आधी मी त्यातले फक्त दाबाचे आणि अँपिअरचे आकडे वाचले होते. आज आमच्या फिटरला शेजारी बसवून ओळ न् ओळ वाचून घेतली. प्रत्येक बंदच्या पुढे एकच शब्द: 'तण्णीरु'. थंड पाणी. रस बंद केला की ताबडतोब थंड पाण्याचा व्हॉल्व्ह उघडतात, रस आत आंबू नये म्हणून. म्हणजे १०० अंशांच्या केसिंगच्या आतल्या अंगाला थेट थंड पाणी. आतली कातडी आकसणार, मागचं धातू तिला आकसू देणार नाही, आणि ती ताणली जाणार.

महिनाभर हे फोटो माझ्या फोनमध्ये होते.

आता थंड पाण्याची वेगळी थर्मल स्टडी केली, पाणी २५ अंश, ताईंनी सांगितल्याप्रमाणं पायरी १ सेकंद, एकूण १२० सेकंद. त्यातल्या १०व्या, २०व्या आणि ३०व्या सेकंदाच्या पायऱ्या घेऊन तीन स्टॅटिक स्टडी जोडल्या. पण ताण आधीपेक्षा वाढलाच नाही, तिन्हीत ३० च्या घरात. कुठं चुकलं?

मेश_ताई
या नव्या थर्मल स्टडीत केसिंगचं सुरुवातीचं तापमान काय दिलंयस?

उद्यमबाग_डिझाइन
२५. पहिल्या स्टडीची कॉपी केली होती, तेच राहिलं.

अरे देवा. २५ अंशांच्या केसिंगला २५ अंशांचं पाणी.

मेश_ताई
हो. इथं तुला एक नव्हे, दोन जोड हवेत. पहिला जोड गरम स्टडीच्या शेवटापासून थंड स्टडीच्या सुरुवातीला. सॉलिडवर्क्समध्ये थर्मल स्टडीच्या प्रॉपर्टीजमध्येच सुरुवातीचं तापमान दुसऱ्या थर्मल स्टडीतून घ्यायची सोय आहे, तिथं गरम स्टडी निवड. शेवटची पायरी इथं बरोबर आहे, कारण बंद करायच्या वेळी केसिंग पूर्ण तापलेलं असतं. दुसरा जोड थंड स्टडीच्या मधल्या क्षणापासून स्टॅटिकला. एका जोडाला शेवट हवा, दुसऱ्याला मध्य. प्रत्येक जोडाला 'कुठल्या वेळचं?' हे वेगळं विचारावं लागतं.

मी अन्सिसवर असते. तिथं थर्मलच्या सोल्यूशनचा चौकोन उचलून स्टॅटिकच्या सेटअपवर सोडला की रेघ जोडली जाते. रेघेचं टोक नीट बघायचं. चौकोनी टोक म्हणजे दोघं एकच वस्तू वापरतायत, मटेरियल किंवा भूमिती. गोल टोक म्हणजे एकाचं उत्तर दुसऱ्याकडे जातंय. मागं काही बदललं की पुढच्या चौकोनावर पिवळी वीज येते, ती असताना पुढचे आकडे वाचायचे नाहीत. कॉमसोलमध्ये हेच काम दोन जागी आहे: ज्या राशी आत्ता सोडवायच्या त्यांची सुरुवात एकीकडे, ज्या सोडवायच्या नाहीत पण वापरायच्यात त्यांची किंमत दुसरीकडे. थंड स्टडीचं सुरुवातीचं तापमान पहिल्या जागी, स्टॅटिकला लागणारं तापमान दुसऱ्या जागी. तिथंही कुठली स्टडी आणि कुठला वेळ ते निवडावं लागतं.

अनगोळ_डिप्लोमा
ताई, सर, माझापण याच्यातलाच प्रश्न आहे, धागा भरकटत असेल तर माफ करा. मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. फ्रीकॅड आणि कॅल्क्युलिक्सवर करालोय, कारण फुकट आहे. सरळ स्टीलची पट्टी, दोन्ही टोकं लांबीच्या दिशेला अडवलेली. तापमान २९८ केल्विन, म्हणजे खोलीचंच. काहीच तापवलेलं नाही, तरी ताण ७१५ एमपीए दाखवतंय. रात्री २ पर्यंत मेश (गणनेसाठी भागाचं केलेलं तुकड्यांचं जाळं) बारीक करत बसलो, आकडा हलेना.

टिळकवाडी_निवृत्त
बाळा, मेशला हात लावू नकोस, ती निर्दोष आहे. आकड्यालाच विचार की तू कुठून आलास.

पूर्ण अडवलेल्या पट्टीतला ताण म्हणजे यंगचा गुणांक गुणिले प्रसरणांक गुणिले तापमानातला फरक. स्टीलला २,००,००० एमपीए आणि ०.००००१२ धरले तर दर अंशाला २.४ एमपीए. आता ७१५ ला २.४ ने भाग. २९८ येतात! म्हणजे तुझ्या प्रोग्रामला वाटतंय की पट्टी शून्य केल्विनवरून २९८ वर आली. तू आत्ताचं तापमान दिलंस, पण सुरुवातीचं शून्यच राहिलं. कॅल्क्युलिक्सला सुरुवातीचं तापमान स्वतंत्र सांगावं लागतं.

हा सापळा सगळीकडे आहे, फक्त त्याचं रूप वेगळं. सॉलिडवर्क्समध्ये शून्य ताणाचं संदर्भ तापमान मुळात २९८ केल्विन असतं, अन्सिसमध्ये परिसराचं तापमान २२ अंश, कॉमसोलमध्ये २९३.१५ केल्विन. एका प्रोग्रामचं तापमान दुसऱ्यात नेताना हे तीन-पाच अंशांचे फरक गुपचूप शिरतात. आणि सेल्सिअस-केल्विनची गल्लत झाली तर २७३ अंशांचा फरक पडतो. ग्रे आयर्नला यंगचा गुणांक १,१०,००० आणि प्रसरणांक ०.००००११ धरला तर तोच ताण ३३० एमपीएच्या वर जातो. ते बीड कागदावरच फुटेल.

मी ३० वर्षं स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स शिकवलं. माझी सर्वांना विनंती आहे, खऱ्या भागाला हात लावण्याआधी हीच पट्टी तुमच्या जोडणीतून एकदा फिरवून बघा. १०० मिमी लांब, स्टीलची, १०० अंशांनी तापवलेली. मोकळी सोडली तर ०.१२ मिमी वाढली पाहिजे, अडवली तर २४० एमपीए आले पाहिजेत. टोकं फक्त लांबीच्या दिशेनं अडवा, आडवी मोकळी ठेवा, नाहीतर कोपऱ्यांत खोटे आकडे येतील. पट्टीला ५ मिनिटं लागतात. हे दोन आकडे आले तर जोड बरोबर, पुढं निर्धास्त जा.

अनगोळ_डिप्लोमा
सर!! सुरुवातीचं तापमान २९८ दिलं, ताण शून्य आला. मग ३९८ केलं, बरोबर २४०. पाया पडतो.

निपाणी_शिफ्ट
असली पोरं भेटली की बरं वाटतंय बघा. शिक बाबा.

पुणे_ते_बेळगाव
मी १२ वर्षं पुण्यात ऑटोमोबाइलकडे होतो, आता मच्छेला परत आलोय. दोन गोष्टी, कारण या दोन्ही चुका मी स्वतः केल्यात.

पहिली: दाबाची स्टडी वेगळी, तापमानाची वेगळी, बोल्टची वेगळी करून शेवटी बेरीज करायचा मोह होतो. स्टडी सरळ रेषेतल्या असतील, मध्ये उघडझाप करणारे कॉन्टॅक्ट नसतील, मटेरियल लवचीक मर्यादेत असेल तर बेरीज चालते. पण बेरीज ताणाच्या घटकांची करायची, व्हॉन मिझेसची (सगळ्या दिशांचे ताण मिळून काढलेला एकच आकडा) कधीच नाही. साधं उदाहरण. दाबामुळे एका जागी ६० एमपीए ओढ, तापमानामुळे तिथंच त्याच दिशेला ६० एमपीए दाब. खरा ताण शून्य. दोन्हींचा व्हॉन मिझेस मात्र ६०-६०, आणि बेरीज करणारा १२० लिहून मोकळा होतो. व्हॉन मिझेसला चिन्हच नसतं. तुमच्या केसमध्ये फ्लँजचा बोल्ट आहे, गॅस्केट आहे, तिथं बेरजेच्या नादाला लागू नका. दाब, बोल्ट आणि तापमान एकाच स्टॅटिकमध्ये एकत्र लावा.

दुसरी: ग्रे आयर्नला व्हॉन मिझेस बघायचाच नाही. ते ठिसूळ आहे, ओढीत फुटतं. पहिला प्रिन्सिपल स्ट्रेस (त्या जागी सगळ्यात जास्त ओढीचा ताण) लावा. निपाणीच्या दादांनी शॉपफ्लोअरवरून जे सांगितलं तेच हे, फक्त प्लॉटचं नाव बदललं.

आणि हो, मेश. थर्मल आणि स्टॅटिक दोन्हीला तीच मेश ठेवली तर तापमान नोडला नोड जातं. वेगळी ठेवली तर मधे मॅपिंग होतं आणि ३ मिमीच्या फिलेटमध्ये तेच सगळ्यात आधी बिघडतं. आळस न करता दोन्हीकडं फिलेटमध्ये बारीक मेश द्या.

खानापूर_रोड
वाचतेय. आमच्याकडं याच प्रकारचं व्हॉल्व्ह बॉडीचं काम आहे. कृपया शेवट काय झाला ते नक्की लिहा, मधेच धागा सोडू नका.

उद्यमबाग_डिझाइन
शेवट नाही अजून, पण बरंच पुढं आलोय.

आधी सरांची पट्टी फिरवली. मोकळी ०.१२, अडवलेली २४०. मग केसिंग. गरम स्टडीचा शेवट थंड स्टडीच्या सुरुवातीला जोडला. थंड स्टडी १ सेकंदाच्या पायरीनं १२० सेकंद. स्टॅटिक एका वेळी एकच पायरी घेते म्हणून ४, ८, १२, १६, २४, ४० आणि ६० सेकंदांच्या सात स्टॅटिक स्टडी केल्या. नावंही तशीच ठेवली, 'थंड_१२से_दाबासह' अशी, म्हणजे महिन्यानं उघडलं तरी कळेल. दाब आणि बोल्ट प्रत्येकीत. प्लॉट पहिल्या प्रिन्सिपलचा.

फिलेटच्या आतल्या बाजूला ४ सेकंदांना ८७, ८ ला १०९, १२ ला ११८ एमपीए. मग उतार. ६० सेकंदांना ५२. माझ्या जुन्या ६० सेकंदांच्या पायरीत डोंगर मागं टाकून मी पायथ्याचं माप घेतलं असतं. आणि ११८ ची जागा आणि कापलेल्या तुकड्यावरची लाल रेघ, दोन्ही शेजारी ठेवून बघितल्या. तीच जागा. हे बघताना अंगावर काटा आला, खरं सांगतो.

टिळकवाडी_निवृत्त
उत्तम. हातानं पडताळून पाहू. आतला पृष्ठभाग क्षणात २५ वर आला आणि मागचं सगळं १०० वरच राहिलं असं समजू, फरक ७५ अंश. दोन दिशांनी अडवलेल्या पृष्ठभागाचा ताण: १,१०,००० गुणिले ०.००००११ गुणिले ७५, भागिले १ वजा ०.२६ (पॉयसनचं गुणोत्तर). येतात सुमारे १२३ एमपीए. गुळगुळीत भिंतीला ही वरची मर्यादा, प्रत्यक्षात पाणी तितकं झटपट थंड करत नाही म्हणून भिंतीत त्याच्या बरंच खाली राहील. पण कोपऱ्यात ३ मिमीच्या त्रिज्येनं ताण एकवटतो, नेक आधी थंड होऊन फ्लँजवर ओढतो, शिवाय दाबही आहे. त्यामुळे ११८ पटण्यासारखे आहेत. एफजी २६० एका झटक्यात याला फुटणार नाही, पण रोजरोजच्या मारानं नक्की फुटेल.

मेश_ताई
म्हणून तिसरा जोड फटीगचा, म्हणजे वारंवारच्या ताणानं येणाऱ्या थकव्याचा. फटीग स्टडी स्वतः काही सोडवत नाही, ती स्टॅटिकच्या उत्तरांवर जगते. इव्हेंट मांडताना एकट्या ११८ ला 'पूर्ण उलटसुलट' म्हणून टाकू नकोस, केसिंग कधी उणे ११८ ला जात नाही. एका टोकाला गरम चालू अवस्थेची स्टडी आणि दुसऱ्याला थंड १२ सेकंदांची अशा दोन स्टडी देऊन चक्राची टोकं प्रोग्रामला शोधू दे.

उद्यमबाग_डिझाइन
तसंच करतो. दरम्यान फिलेट वाढवायचं ठरवलं. आधी १२ मिमी काढला, पण फ्लँजच्या मागच्या बाजूला बोल्टच्या नटासाठी स्पॉटफेस आहे, तो फिलेटमध्ये घुसत होता. शेवटी १० वर थांबलो. पॅटर्नवाल्याकडं स्वतः गेलो, त्यानं कोअर बॉक्सला मेण लावून कोपरा भरून दाखवला, अंगठ्यानं दाबत दाबत. मॉडेलमध्ये १० केल्यावर गरम स्टडीपासून सगळं क्रमानं परत चालवलं. ११८ चे ७४ झाले.

पण नुसतं कास्टिंग बदलून मला समाधान नाही. कारखान्यात बाष्पीभवनाच्या भांड्यांचं गरम कंडेन्सेट पाणी असतंच ना? निपाणीचे दादा, आधी त्यानं ३-४ मिनिटं धुवून मग थंड पाणी सोडलं तर? ६० अंशांचं पाणी धरून स्टडी चालवली, कमाल ताण ४५ आला.

निपाणी_शिफ्ट
होतंय की. आमच्याकडं कंडेन्सेट टाकीपासनं पंपापर्यंत दीड इंची लाइन काढायची म्हटली तर एका शटडाऊनचं काम. पण ऑपरेटरला कानडीत पाटी लिहून लावा, आधी 'बिसिनीरु' (गरम पाणी) मग 'तण्णीरु'. आणि हे दोनच शब्द लिहा, जास्त लिहिलं की कोण वाचत नाही.

एक सांगू? तुम्ही थंड पाणी २५ अंश धरलंय. ते पाणी उघड्या टाकीचं असतंय. आता जानेवारी आहे. उद्या पहाटेच्या शिफ्टला जातोय, थर्मामीटर बुडवून बघतो.

उद्यमबाग_डिझाइन
नक्की बघा दादा, वाट बघतोय.

निपाणी_शिफ्ट
सकाळी ६ ला मोजलं. टाकीत १९ अंश. दोनदा मोजलं.

उद्यमबाग_डिझाइन
म्हणजे फरक ७५ चा नाही, ८१ चा. थंड स्टडीपासून पुढचं सगळं परत चालवायला लावलंय. संध्याकाळपर्यंत आकडे टाकतो.